पेटी पुढे, आम्ही मागे

औरंगपुऱ्यात सकाळी भाजी मंडईचा गलबला आणि सरस्वती भुवनच्या विद्यार्थ्यांची वर्दळ एकाच वेळी सुरू होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये या गर्दीतून मी जितक्या फेऱ्या मारल्या, तितक्या बँकेच्या नोकरीतही मारल्या नसतील. निमित्त होते न्यू जर्सीला कन्येकडे जाण्याचे. दिवाळीला येथे निर्वाणलाडू अर्पण करून मग निघायचे, असे ठरले होते. परंतु तिच्या नव्या घरात त्या दिवशी नातवाच्या हातून पहिली पूजा व्हावी, ही सौ.ची इच्छा होती. म्हणून पेटी पुढे पाठवायची आणि आम्ही मागून जायचे.

पेटीत पितळी पूजासंच, पाठशाळेची पुस्तके, व्याह्यांसाठी आपल्या शहराच्या दोन हिमरू शाली, हळद, सुंठ आणि घरी केलेले मेतकूट. सर्व मिळून किंमत १३,६४० रुपये. आकडा नेमका सांगतो, कारण पुढचा सारा घोळ याच आकड्याभोवती फिरला.

प्रथम अडले ते गावाच्या नावावर. माझे पारपत्र जुने, त्यावर ‘औरंगाबाद’. २०२३ पासून शहर झाले छत्रपती संभाजीनगर, आणि आधारवर नवे नाव. संगणकावरील अर्जाला दोन्ही कागद एकाच गृहस्थाचे आहेत, हे पटेना. शेवटी ४३१००१ या पिनकोडाने माझी ओळख पटवली.

नंतर सीमाशुल्काचा जाहीरनामा. त्यात प्रत्येक वस्तूचे वर्णन, वजन, किंमत आणि वर्गीकरण क्रमांक लिहावा लागतो. पुस्तकांचा ४९०१ हे मला निर्यातीच्या बिलांमुळे ठाऊक होते. पूजेची झारी कोणत्या खान्यात घालावी, हे मात्र चाळीस वर्षांच्या अनुभवालाही सांगता आले नाही. खाद्यपदार्थांचा नियम त्याहून मौजेचा आहे. घरी तयार करून आप्तांना भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाची पूर्वसूचना तेथील अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागत नाही. बाजारातून विकत घेतलेल्याची द्यावी लागते. आयुष्यभर पक्क्या पावतीचा आग्रह धरला आणि येथे सौ.चे बिनपावतीचे मेतकूट सरस ठरले!

हे सारे जुळवून पेटी शिवेपर्यंत २५ ऑगस्ट उजाडला. त्याच दिवसापासून टपाल खात्याने अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले होते. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला तेथे असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून संपणार होती. शुल्क कोणी गोळा करायचे आणि कसे भरायचे, याची पद्धत ठरली नसल्याने विमान कंपन्या टपालाचा माल उचलायला तयार नव्हत्या. पत्रे, कागदपत्रे आणि १०० डॉलरपर्यंतची भेट एवढेच चालू होते. त्या वेळच्या दराने १०० डॉलर म्हणजे पावणेनऊ हजारांच्या आसपास. माझी पेटी त्या रेषेच्या पलीकडे.

एका खासगी कुरियरवाल्याकडे गेलो. तो तरुण म्हणाला, “काका, नव्वद डॉलर लिहू. सगळेच लिहितात. कोण उघडून बघतंय?”

मी “उद्या सांगतो” म्हणून परतलो. नाही म्हणालो नाही, हे कबूल केले पाहिजे. बँकेत असताना कमी किमतीची बिले मी परत पाठवत असे. आता मात्र रात्री बसून, पेटीचे दोन भाग करून एक कन्येच्या आणि एक जावईबापूंच्या नावे पाठवता येईल का, याचा हिशेब मांडू लागलो. कलश एकाच्या नावाने, झारी दुसऱ्याच्या! उद्या सांगण्याचे रोज पुढे ढकलत राहिलो.

२८ ऑगस्टला दशलक्षण पर्व सुरू झाले. ३१ तारखेला टपाल खात्याने भेटवस्तू आणि पत्रेही बंद केली. कुरियरचा मार्ग तेवढा उरला. ३ सप्टेंबरला, सातव्या दिवशी, राजाबाजारच्या मंदिरात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचनात आला. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हा शब्द येतो. राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणे, शुल्क चुकवणे, असा त्याचा अर्थ सांगितला गेला. अधिक-उणी मापे वापरणे हाही त्यांतलाच. सभेत बहुतेक दुकानदार. कोणी मान हलवली, कोणी खाली घातली. शेजारचे कापडवाले काका मला हळूच म्हणाले, “साहेब, हे आमच्यासाठी आहे. तुम्ही तर नोकरदार.” मी काही बोललो नाही.

घरी येऊन कुरियरवाल्याला नकार कळवला. सौ. दोन दिवस गप्प होती.

१५ ऑक्टोबरला टपालसेवा पुन्हा सुरू झाली. आता जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क येथेच आगाऊ भरायचे. माझ्या पेटीवर ६,८२० रुपये, टपालखर्च वेगळा. एवढेही भरले असते. पण दिवाळी पाच-सहा दिवसांवर आलेली, पेटी वेळेवर पोहोचणार नव्हती. नातवाने पहिली पूजा स्टीलच्या वाटी-तांब्याने केली, ती आम्ही येथून फोनवर पाहिली.

मग पेटीची शिवण उसवली आणि सामान आमच्याच बॅगांत बसवू लागलो. सौ.ने अक्षतांसाठी निवडलेले तांदूळ ठेवले होते, ते काढावे लागले. भारतातून प्रवाशाने तांदूळ नेण्यास अमेरिकेत बंदी आहे, कारण खापरा किडा. मोंढ्यातील प्रत्येक धान्यव्यापाऱ्याला चांगला परिचित असलेला हा शत्रू तेथील नियमांतही ‘खापरा’ याच नावाने नांदतो!

ब्लेअर्सटाऊनला आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ मध्ये स्थापलेल्या सिद्धाचलमलाही जायचे आहे. तेथील पूजेसाठी तांदळाच्या जागी लवंगांची पुडी ठेवली. ओळखीच्या दुकानातील काट्यावर बॅग चढवली: २२ किलो ६०० ग्रॅम. विमानतळावर द्यायच्या यादीत सौ.ने स्वतःच्या अक्षरात लिहिले: लवंग, ५० ग्रॅम.