ट्रॅक्टर, मिस्त्री आणि ट्यूबची चकती

आज पिकाचं लिहीत नाही, ट्रॅक्टरचं लिहितो. हरभरा पेरणीच्या टायमाला माझं आणि एका गॅरेजवाल्याचं चांगलंच वाजलं. गावात त्याच्या दहा तऱ्हा करून सांगतायत लोक, म्हणून म्हटलं आपणच एकदा जसं घडलं तसं लिहून टाकावं. मिस्त्रीचं नाव, गॅरेजचं नाव टाकणार नाही. का ते पुढं कळंल.

ट्रॅक्टर आपला ४५ एचपीचा, तीन सिलेंडर, मीटरवर ३,४०० तास. आजवर कधी मोठं काम निघालं नव्हतं. सोयाबीन निघाल्यावर परतीचा पाऊस झाला, चार-पाच दिवसांनी वापसा आला. बागायती हरभऱ्याला २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा टाईम धरतात, तेव्हा गडबड होतीच. टाकी फुल केली, रोटर जोडला आणि रानात घातला. अर्धा-पाऊण तास झाला असंल, गाडी गुदमरल्यासारखी करायला लागली. आरपीएम उतरला, थ्रॉटल ओढला तरी उचलंना, आणि बंद. काटा बघितला, टेंपरेचर बरोबर. काळा धूर नाही, आवाज नाही. दहा-पंधरा मिनिटं बांधावर बसलो, पुन्हा स्टार्टर मारला तर लागला की लगेच! एक-दोन तास केले, पुन्हा बंद. (शहरातल्या मित्रांसाठी सांगतो, तास म्हणजे इथं घड्याळाचे नाहीत, रानातल्या फेऱ्या.)

तालुक्याच्या रोडवर एक गॅरेज आहे. मिस्त्री चांगला हातगुणाचा, बारा वर्षांची वळख. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालक, पंप गरम झाला की डिझेल सोडतोय. एलिमेंट खाल्लेत. पंप खोलावा लागंल." मला पटलं. ३,४०० तास झालेत, होऊ शकतं. तीन दिवस गाडी तिथं. पंपाचे एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, तीन नोझल, दोन्ही फिल्टर, कॅलिब्रेशन, मजुरी, सगळं मिळून १८,६०० रुपये. बिल म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं. १५,००० रोख दिले, ३,६०० मागं ठेवले. जुना माल मागायचा सुचलंच नाही. ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी रानात घातला. पस्तीस मिनिटांत बंद.

फोन लावला. मिस्त्री मोटरसायकलवर आला बिचारा, नाही म्हणत नाही. पण यायला त्याला पंचवीस मिनिटं लागली आणि तोवर गाडी पुन्हा लागत होती. त्यानं स्टार्टर मारला, एका झटक्यात चालू. माझ्याकडं असं बघितलं की जसं काय मीच खोटं बोलतोय. "एअर पकडत असंल," म्हणाला. पुन्हा गॅरेज. आता फीड पंप बदलला, टाकीपासूनचे रबरी पाईप बदलले, ३,८५० रुपये. पाईपाच्या कामाला टाकी रिकामी केली होती, नंतर त्यात पाच-सात लिटर डिझेल टाकून दीड तास उभ्यानं रेसवर ठेवला. माझ्या डोळ्यासमोर. बंद पडला नाही. "बघा मालक," म्हणाला. मी बघितलं. घरी येताना पंपावर टाकी फुल केली, सकाळी रोटर लावला आणि चाळीस मिनिटांत जाग्यावर उभा.

हे टाकीचं जे लिहिलंय ना, रिकामी आणि फुल, ते ध्यानात ठेवा. माझ्या ध्यानात तेव्हा आलं नाही, आणि मिस्त्रीच्या पण नाही.

तिसऱ्या बारीला मिस्त्री म्हणाला, इंजिन खोलावं लागंल, हेड काढून बघावं लागंल, ४५,००० च्या घरात जाईल. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, अडीच आठवड्यात तुम्ही २२,४५० चं काम केलं, रोग तोच, आता पुन्हा ४५,०००? रोग कळत नसंल तर नाही म्हणा. माझा वापसा गेला, रान ढेकळं झालं, लोकाचं हरभरं उगवून आलं. तो पण तापला. म्हणाला, "माल टाकला तो काय माझ्या घरचा हाय का? आधी मागचे ७,४५० ठेवा, मगच गाडी हलंल." चार माणसं जमली. एक जण व्हिडिओ काढायला लागला, त्याला मी हाकललं. पन्नाशी उलटलेल्या माणसानं रस्त्यावर भांडावं हे काय बरं दिसतं का, पण भांडलो.

माझा भाचा वकिलीचं शिकतो. त्याला तिथनंच फोन लावला. म्हटलं, हा गाडी अडवू शकतो का? तो म्हणाला, "मामा, अडवू शकतो." १८७२ च्या करार कायद्यात १७० वं कलम आहे. आपण दिलेल्या वस्तूवर कुणी अंगमेहनतीचं किंवा कसबाचं काम केलं, तर त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत तो ती वस्तू ठेवून घेऊ शकतो. फक्त त्याच कामाच्या पैशापुरती, दुसऱ्या उधारीसाठी नाही. आता काम झालं की नाही झालं हाच तर आपला वाद, पण तो भाग पुढचा. ५,००० टेकवले आणि गाडी आणली. म्हणजे एकूण २०,००० दिले, २,४५० त्याचे राहिले.

रात्री भाचा घरी आला आणि ग्राहक कायद्याचं सांगत बसला. हे तुमच्या पण कामाचं आहे, म्हणून लिहितो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. मोबदला घेऊन दिलेल्या सेवेत कमी राहिली तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. व्यवहार ५ लाखापर्यंत असंल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं. त्या आधी १९१५ नंबरवर फोन करून नोंद करता येते. मी विचारलं, ट्रॅक्टर म्हणजे धंद्याची वस्तू म्हणून उडवून लावतील का? तर म्हणाला, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून वापरत असंल तर तो ग्राहकच. पण ड्रायव्हर ठेवून भाड्यानं चालवायचाच धंदा असंल तर समोरचा वकील तिथं बोट घालतो. मी वर्षाकाठी भावकीची आठ-दहा एकर मारून देतो, तेवढ्यानं काही बिघडत नाही म्हणाला. कागद मात्र लागतो. तिथं माझी पंचाईत. माझ्याकडं होता पाकिटाचा पुठ्ठा. बरं झालं दुसरे पैसे फोनपेनं दिले होते.

भाच्यानं नोटीस लिहून काढली. दोन पानं. त्यात एक वाक्य होतं: माझ्याकडून वाहनाची निगा योग्य प्रकारे ठेवली गेली असून सदर बिघाडास माझी कोणतीही चूक कारणीभूत नाही. मी वाचलं, खाली सही केली. सोमवारी रजिस्टर पोस्टानं टाकायची ठरली.

तोवर पेरणी तर करणं भाग. भाड्याचा ट्रॅक्टर सांगितला, रोटरचे एकरी १,४०० रुपये, चार एकराचे ५,६०० गेले. वल कमी झालेली, ढेकूळ फुटंना, दोनदा मारायला लागलं त्याचं वेगळंच. जाकी पेरला. वल कमी म्हणून जरा खोल पडला, उगवण विरळ आली ती अजून दिसतीय रानात. उरलेल्या दोन एकराला पाणी देऊन मग पेरू म्हणून ठेवलं.

रविवारी आमच्या गल्लीतले एक मामा आले. त्यांनी पूर्वी साखर कारखान्यावर वीस-बावीस वर्षं ट्रॅक्टर चालवला, आता डोळ्याला कमी दिसतं. म्हणाले, "चल, मला दाखव कसा बंद पडतो." रानात घातला, मामा बांधावर बसले तंबाखू मळत. बत्तीस मिनिटांनी पडला बंद. मी बोनेट उघडायला गेलो तर म्हणाले, "त्याला हात लावू नको. डिझेलच्या टाकीचं झाकण काढ."

झाकण फिरवलं तर सुंईऽऽ करून आवाज. वारा आत ओढला टाकीनं. मामा म्हणाले, "आता मार स्टार्टर." दहा मिनिटं थांबलो नाही, काही नाही, तसाच मारला आणि दोन फेऱ्यात चालू.

मंडळी, तो आवाज मी महिनाभर ऐकत होतो. डिझेल किती राहिलं बघायला झाकण काढायचो तेव्हा दर वेळी यायचा. फुल टाकीचा वास असतो तसा आवाज पण असंल म्हणून सोडून दिलं.

मामांनी झाकण हातात घेतलं, उलटं केलं, बोटानं चाचपलं. आत रबराची गोल चकती. "हे कुणी घातलं?"

मी घातलं होतं. पोळ्याच्या आसपास झाकणाचा वायसर गेला होता. ट्रॉली घेऊन खड्ड्यातनं गेलं की डिझेल हिंदकळून बोनेटवर यायचं, त्यावर धूळ बसायची. जुनी ट्यूब कापून झाकणाच्या मापाची गोल चकती केली आणि ठोकून बसवली. मस्त बसली होती. झाकणाला मध्ये बारीक भोक असतं वारा आत यायला, ते तिनं गच्च झाकलं. डिझेल जसं खाली जातं तसा तेवढा वारा वरनं आत यायला पाहिजे. वारा नाही आला तर टाकी आतून ओढून धरती आणि पंपाला डिझेल सोडत नाही. बंद पडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत चुळचुळ वारा कुठनं तरी शिरतो आणि गाडी पुन्हा लागती. टाकी फुल असली की वर पोकळी थोडी, त्यामुळं ओढ लवकर बसती. टाकी रिकामी असली तर पोकळी मोठी, दोन तास पण काही होत नाही. गॅरेजमध्ये पाच लिटरवर दीड तास चालली ती यामुळं. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत कळलं नाही, कारण तेव्हा फवारणी आणि ट्रॉलीची किरकोळ कामं, टाकी कायम अर्ध्यावर.

चकती काढली. त्याच संध्याकाळी फुल टाकीवर साडेतीन तास रोटर चालवला. हललं नाही काही.

रात्री झोप लागंना. नोटीस कपाटात, खाली माझी सही. घरात म्हणाले, "तुम्ही आणि मामा सोडून कुणाला ठावं हाय? अन् त्यानं काय कमी लुटलंय का?" ते पण खोटं नव्हतं. रोग न बघता पंप खोलणं ही त्याची चूकच. गाडी बंद पडल्या पडल्या फिल्टरच्या आलीकडचा पाईप ढिला करून डिझेल येतंय का बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं की डिझेल टाकीतनंच येत नाही. पण ते वाक्य, माझी कोणतीही चूक नाही, ते काही गिळंना. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, ते वाक्य काढून पण नोटीस देता येईल." हुशार आहे पोरगं.

नोटीस टाकली नाही. सोमवारी चकती खिशात घालून गॅरेजला गेलो. मिस्त्री दुसऱ्याच्या गाडीखाली होता. मी काही बोललो नाही, चकती बेंचवर ठेवली आणि झाकणाचं सांगितलं. तो बराच वेळ चकती फिरवून बघत राहिला. मग म्हणाला, "मालक, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं असतं तर? टाकी रिकामी केली तेव्हा झाकण तुमच्याच हातात होतं." त्यावर तो गप्प. मग स्वतःच म्हणाला, हा, पोरानं काढलं अन् पोरानंच लावलं, मी बघितलं नाही.

चहा झाला आणि हिशेबाला बसलो. तो म्हणाला, राहिलेले २,४५० सोडा. मी म्हटलं, फीड पंप चांगला होता तो उगाच बदलला, त्याचे पैसे परत द्या. तो म्हणाला, घातलेला माल दुकानदार परत घेत नाही. मी म्हटलं, मग जुना माल तरी द्या. आतून एक डबा आणला, त्यात जुना फीड पंप आणि तिन्ही नोझल निघाले. एलिमेंट भंगारात गेलेत म्हणाला. ते नोझल मी दुसऱ्या गावात पंपवाल्याकडं टेस्टिंगला लावले. एक टपकत होता, दोन चांगले. म्हणजे एक तरी बदलायचाच होता, असं तो म्हणतो. दोन फुकट गेले, असं मी म्हणतो. २,४५० वर मिटलं, पण माझ्या हिशेबानं तो मला अजून सात-आठ हजार लागतो आणि त्याच्या हिशेबानं त्यानं मला सोडलेत. परवा क्लच प्लेटचं विचारायला त्याच्याकडंच गेलो होतो. आता छापील बिल देतो आणि जुना माल गोणपाटात बांधून सीटमागं ठेवतो, न मागता.

झाकणाला नवीन वायसर ६० रुपयाला मिळाला, भोक असलेला.

मागनं पेरलेला दोन एकर हरभरा पाण्यावर एकसारखा उगवलाय, आधीच्या चार एकरापेक्षा बरा. त्यात परवापासून घाटे अळीचे कामगंध सापळे लावतोय. त्याचे फोटो पुढच्या वेळी टाकतो.