दाभोळच्या धक्क्यावर

कामथडीहून भोर, वरंधा घाट, महाड, खेड असा प्रवास करीत आम्ही उभयता दापोलीला पोहोचलो. जवळचे वणंद हे माता रमाईंचे माहेर. तेथे वंदन करून बहुतेक मंडळी माघारी फिरतात. आम्ही पुढे दाभोळला गेलो. रमाईंचे वडील भिकू धुत्रे याच बंदरातून मासळीच्या टोपल्या बाजारात वाहून नेत आणि त्यावर घर चालवीत.

वाशिष्ठी येथे समुद्राला मिळते. बहामनी काळातले हे भरभराटीचे बंदर पोर्तुगीजांनी १५०८ साली जाळले. आज मच्छीमारांच्या होड्या आणि पलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट, एवढीच वर्दळ.

फेरीला अवकाश होता. धक्क्यावर एक मावशी टोपली उचलत होत्या. सौ.ने हात लावला आणि हौसेने ती स्वतःच्याच डोक्यावर घेतली. दहा पावलांत मान अवघडली.

मावशी हसल्या. "वहिनी, वजनाचं काही नाही. बर्फाचं पाणी मानेवरून पाठीत उतरतं, त्याची सवय लागते."

भिकू धुत्र्यांच्या वेळी बर्फ कुठला? मासळी नासण्याआधी बाजार गाठायचा, म्हणजे पाय उचलणे आलेच! आईवडील लवकर गेले. काकांनी पोरक्या रमाईंना मुंबईला नेले. भीमरावांशी लग्न लागले तेही भायखळ्याच्या बाजारात, रात्री, दुकाने उठल्यावर. पहाटे कोळणी यायच्या आत जागा मोकळी करायची होती.

वणंदला जाणाऱ्यांनी दाभोळसाठी अर्धा दिवस जादा ठेवावा. जून-जुलैत मात्र मासेमारी बंद असते, आणि पावसात वरंधा घाटही बहुधा बंदच.