जर्मनीत कुत्राही ‘माल’च!

जर्मनीत बव्हेरियाच्या खेड्यांतून फिरताना मोटारीच्या मागच्या भागात जाळीआड किंवा पिंजऱ्यात बसलेले कुत्रे दिसतात. तेथील वाहतूक नियमांच्या लेखी कुत्रा म्हणजे ‘माल’च. कलम २२ प्रमाणे एकाएकी ब्रेक लावला किंवा गाडी वळवली, तरी माल जागचा हलता कामा नये. हलला तर दंड! नाव रुक्ष, पण भले मुक्या जीवाचेच. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार आदळली, तर मोकळा कुत्रा १० मीटर खोल विहिरीत पडावा तेवढ्या जोराने पुढे आपटतो. पुढे बसलेल्यालाही जायबंदी करतो. शेतकरी बंधुभगिनींनो, जीपमधून कुत्र्याला दवाखान्यात न्याल तेव्हा पट्टा गळ्याला नव्हे, छातीभोवती घालून बांधा.