मी बंबात घातलेली पत्रं

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी माळा आवरताना जुन्या कागदांचं गाठोडं हाती लागलं, तर काय करता? रद्दीवाल्याला देता ना? मी एकदा बंबात घातलं होतं. त्याचीच ही गोष्ट.

साल १९७९. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. नव्या सुनेचा उत्साह काय असतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे! माळ्यावरच्या ट्रंकेत मामंजींच्या पणजोबांची मोडी पत्रं सापडली, १८५५ च्या आसपासची. वेगळं पाकीट नव्हतंच. लिहिलेला कागद दुमडायचा, पाठीवर पत्ता घालायचा आणि तिथंच तिकीट डकवायचं, अशी ती पत्रं. कागद पिवळे पडलेले, कसरीनं खाल्लेले. तिकिटं मात्र देखणी! निळी, अर्ध्या आण्याची, व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याची.

मामंजींना तिकिटांचा नाद होता. म्हटलं, त्यांना खूश करावं. परातीत कोमट पाणी घेतलं, तिकिटं सोडवली, टिपकागदावर वाळवली. त्यांचे वेडेवाकडे पांढरे काठ कात्रीनं नीट कापले आणि नव्या वहीत डिंकानं ओळीत चिकटवली. राहिलेली पत्रं वाळवून बंबात घातली.

पाडव्याला वही मामंजींच्या हाती दिली. त्यांनी एकेक पान सावकाश उलटलं. "आणि पत्रं गं?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. जरा वेळ थांबून ते म्हणाले, "छान लावलीस हो." वही कपाटात ठेवून दिली. पुढं अकरा वर्षं ते होते, पण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. घरात मोडी फक्त त्यांनाच वाचता येत होती, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा ते नव्हते.

बाकीचा उलगडा झाला तो पुतण्यामुळं. त्यालाही हाच छंद. वही पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "काकू, हे काय करून बसलीस!" मग एकेक सांगू लागला.

आशियातली पहिली तिकिटं १८५२ साली सिंध प्रांतात निघाली. तिथले कमिशनर बार्टल फ्रियर यांनी ती काढली. हेच पुढं मुंबईचे गव्हर्नर झाले. 'सिंध डाक' म्हणतात त्यांना. त्यातलं लाल तिकीट लाखेसारखं ठिसूळ, हाताळताना तडकायचं, म्हणून आज अतिशय दुर्मिळ. नंतर ऑक्टोबर १८५४ पासून सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं आली. ती कलकत्त्यात शिळाछापावर छापली होती. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग पत्र पुण्याला जावो की पेशावरला! या तिकिटांच्या कडांना भोकं नव्हती. प्रत्येक तिकीट कात्रीनं कापून घ्यावं लागे. म्हणून चारी बाजूंचा पांढरा काठ शाबूत असेल, त्याच तिकिटाला भाव. मी नेमका तोच कापला होता! शिवाय तिकीट शिक्क्यासकट मूळ पत्रावर असेल, तर त्याचा मान आणखी मोठा. कुठून निघालं, कधी, कुणाकडं पोचलं, हे सारं ते पत्रच सांगतं ना!

तेव्हापासून मनात होतं, तसं एक तरी पत्र घरात परत आणायचं. गेल्या वर्षी पुतण्याबरोबर मुंबईला लिलावाला गेले. आदल्या दिवशी मांडलेला माल भिंगातून पाहिला. पाहायलाच हवा, कारण या जुन्या तिकिटांच्या नकला पुष्कळ आहेत. निळ्या तिकिटाचं एक मोडी पत्र मनात भरलं. स्वतःच्या साठवणुकीतून बारा हजारांची मर्यादा ठरवली आणि चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवली. पुकारलेल्या रकमेवर कमिशन आणि कर वेगळा चढतो, तोही आधीच धरून ठेवा बरं का!

बोली सुरू झाली. सात, आठ, नऊ... मी नंबराची पाटी वर करत होते. छातीत नुसतं धडधडत होतं. बारा हजार माझे झाले. मागच्या रांगेतून कुणीतरी तेरा म्हटलं. माझा हात अर्धा वर गेला. ते पत्र काही आमचं नव्हतं. पण डोळ्यांपुढं मामंजी वही उलटत होते. मी पर्सवर हात ठेवला आणि पाटी खाली घेतली. हातोडा सोळा हजारांवर पडला.

पुढं १८५४ चं एक चार आण्यांचं तिकीट आलं. लाल चौकट, आत राणीचा निळा मुखवटा. चौकट आठकोनी, म्हणून त्या काळी कुणी टापटिपीच्या माणसानं कोपरे छाटून टाकलेले. अशा छाटलेल्या तिकिटाला कोण विचारतो! मी साडेतीन हजारांना घेतलं. पुतण्या हसला, "काकू, हे तुझंच भावंडं!"

मग परतीच्या गाडीत त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं तिकीट १८७३ साली बारा वर्षांच्या एका मुलाला घरच्या कागदांत सापडलं. त्यानं ते सहा शिलिंगांना विकलं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला जवळजवळ पंचाण्णव लाख डॉलर आले. आणि त्याचेही चारी कोपरे छाटलेले आहेत! पण जगात ते एकच उरलंय.

आमची पत्रंही एकेकच होती, मैत्रिणींनो. तिकीट पैसे टाकून पुन्हा मिळतं. पणजोबांनी कुणाला काय लिहिलं, ते आता कुठल्या लिलावात मिळायचं?

ते आठकोनी तिकीट मी मामंजींच्या वहीच्या शेवटच्या पानावर, पारदर्शक खिशात ठेवलंय. या वेळी डिंक लावला नाही. तुम्हीही जुनी तिकिटं भिजवू नका, छाटू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या कपाटात ठेवा. आणि ट्रंक उघडाल, तेव्हा आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना हाक मारा. पाणी मागाहून तापवा!