जस्ताचा रोग

खेळण्यातल्या जुन्या मोटारीचा रंग उतरवावा की नाही, हा प्रश्न वरवर छंदाचा वाटतो. त्याचे उत्तर मात्र धातूत दडलेले असते.

लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनो कारखान्याने १९३४ मध्ये आपल्या तळहातावर मावणाऱ्या मोटारींना 'डिंकी टॉईज' हे नाव दिले. मूळ हेतू मोटारींचा नव्हताच. फ्रँक हॉर्नबी यांच्या खेळण्यातील आगगाड्यांभोवती मांडायला काही वाहने हवी होती. संग्राहकांत आज रूढ असलेले १:४३ हे प्रमाणही त्या आगगाड्यांच्या ओ गेजमधूनच आले.

आरंभीच्या शिशाऐवजी लवकरच जस्ताचा मिश्रधातू, मॅझॅक, साच्यांत ओतला जाऊ लागला. त्याला शुद्धता लागते. शिशाचा अत्यल्प अंश मिसळला, तरी धातूच्या कणाकणांमध्ये क्षरण सुरू होते. दमट हवेत ते बळावते. गाडी फुगते, तडकते, अखेर तिचा भुगा होतो. ज्या शिशाला रजा दिली, तेच चोरपावलांनी परतले म्हणायचे! युद्धपूर्व डिंकी मोटारी कितीतरी अशाच गेल्या.

निरोगी गाडीचा रंग उतरवून नवा चढवता येतो. मूळ रंग जपावा, असे मानणाऱ्यांचा त्यावर आक्षेप असतो आणि तो रास्तही आहे. रोगट गाडीवर मात्र इलाजच नाही. पुष्कळदा रंगाचा थरच तिला सावरून धरतो. तो निघाला की हाती करडे तुकडे उरतात. म्हणून जाणता कारागीर आधी भिंगाखाली केसासारख्या भेगा शोधतो. त्या दिसल्या, की ब्रश खाली ठेवतो आणि गाडी कोरड्या कपाटात, आहे तशीच, परत नेऊन ठेवतो.