साध्याचा पल्ला

साध्या गोष्टीवर अविश्वास दाखविण्याची विद्वान म्हणविणाऱ्यांना मोठी हौस असते. आणि मी पडलो शिक्षक!

काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी मोटारीच्या रचनेतील एका प्रसिद्ध नमुना-प्रश्नापाशी अडला होता. १२४ आकडे असे निवडावयाचे, की सर्व अटी पाळूनही गाडीचे वजन घटावे. बेझियन ऑप्टिमायझेशनची रीत अशी, की केलेल्या मोजक्या प्रयोगांवरून न केलेल्यांचा अंदाज बांधावा, आणि जेथे आशा व अज्ञान यांचा मेळ पडेल तेथे पुढचा प्रयोग करावा. एका वावरात विहिरीला पाणी लागले, की शेजारचा शेतकरी कुदळ उचलतो. दोन कोसांवरचा मात्र त्यावरून काही ठरवीत नाही. प्रत्येक प्रयोगाच्या बातमीलाही असाच एक पल्ला असतो. विद्यार्थ्याची गाउसियन प्रोसेस अगदी साधी होती, आणि ती काही केल्या वाट दाखवीना.

"इतक्या मितींना हे भाबडे प्रतिमान पुरायचे नाही," मी निकाल दिला.

तसे मत त्या काळी बहुतेकांचे होते. २०१३ मधील 'रेम्बो' थोड्याच मितींच्या पडद्यावर सारा शोध उतरवी. २०१९ मधील 'टर्बो' लहान लहान टापूंत फिरे. २०२१ मधील 'सास्बो' थोडेच आकडे महत्त्वाचे मानून चाले. या तिन्हींच्या मागे मी त्या मुलाला दीड वर्ष पळविले.

मग २०२४ साली ह्वार्फनर, हेलस्टन व नार्दी यांचा निबंध वाचला. एकक घनात कोठेही घेतलेल्या दोन बिंदूंमधील सरासरी अंतर ६ मितींत सुमारे १, तर ६०० मितींत सुमारे १० होते. विहिरी दूर गेल्या, पण बातमीचा पल्ला आम्ही जुनाच ठेवला. मग प्रत्येक विहीर आपल्यापुरतेच बोलणार! मितींच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पल्ला वाढविताच तेच साधे प्रतिमान या बड्यांच्या बरोबरीस, कधी त्यांच्या पुढेही गेले. अर्थात, लांब पल्ला हेही एक गृहीतच आहे; जमीन खरोखर खाचखळग्यांची असेल, तर तेही फसावयाचे. पण दोष साधेपणाचा नव्हता, हे मला त्या वेळी तपासून तरी पाहता आले असते.

मी त्याला पत्र लिहिले. त्याने हा विषय केव्हाच सोडला आहे. "सर, तो पहिला प्रोग्रॅम मी जपून ठेवला आहे," एवढेच त्याचे उत्तर आले.