नवरंग पाहायचा तर खाली पाहा!

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या चाळीच्या जिन्यात एक पक्षी निपचित बसलेला सापडला. पाठ हिरवी, पोट पिवळसर, पंखावर चकचकीत निळा रंग, डोळ्यांवर काळी पट्टी आणि आखूड शेपटीखाली लालभडक. शेजारचे मास्तर म्हणाले, "हा नवरंग. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. पावसाच्या तोंडावर अंडी घालायला इकडच्या जंगलांत येतो. प्रवासात थकला की असा वस्तीत उतरतो."

धाकटी म्हणाली, "पप्पा, आपण पाळू या ना!" मी समजावले की १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. भोके पाडलेल्या खोक्यात त्याला रात्रभर निवांत ठेवले. सकाळी वनखात्याची माणसे घेऊन गेली. पोर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "तो मेला असेल," एवढेच म्हणाली. ते मला लागले.

म्हणून या जूनमध्ये तिला घेऊन कर्नाळ्याला गेलो. पनवेलच्या पुढे गोवा रस्त्यावर, अंगठ्यासारखा सुळका असलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी १९६८ साली झालेले हे पक्षी अभयारण्य आहे. दोन तास माना वर करून झाडे पाहिली. काही दिसेना. वाटेत करवंदे विकणाऱ्या ठाकर समाजाच्या मावशी हसल्या. "भाऊ, वर काय बघता? तो खाली पाचोळ्यात असतो. आन् बोलू नका."

आम्ही गप्प उभे राहिलो. दोन सुरांची खणखणीत शीळ आली. मग पाचोळा हलला. टुणटुण उड्या मारत, चोचीने पाने उलटून किडे टिपत तो समोर आला! पोरीने माझा हात घट्ट धरला. तो उडाल्यावर म्हणाली, "पप्पा, हा आपलाच असेल?"

"कसे सांगू, बाळ? पण त्याच्याच जातीचा आहे, आणि सुखात आहे."

तमिळ लोक त्याला 'आरुमणी कुरुवी', म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात. पहाटे आणि सांजेला तो हमखास बोलतो. तेव्हा बंधू-भगिनींनो, मुलाबाळांना घेऊन सकाळी लवकर जा. गाणी लावू नका, पाचोळा पेटवू नका. त्याचे ताट तेच आहे. आणि दारात थकलेला सापडला, तर बळेच पाणी पाजू नका. खोक्यात ठेवा आणि वनखात्याला १९२६ वर कळवा.